मदत हवी: ऑक्टाव्हिया आरएसचे टॅपेट बदलायचेत, कोणते घेऊ?

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय. २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्हवाली. सेकंडहँड घेऊन दीड वर्ष झालं. सकाळी स्टार्ट केली की शेजारच्या कारखान्यात आणखी एक माग लागला की काय असं वाटतं (पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत राहतो, तुलना अनुभवाची आहे). आधी पाच-दहा सेकंदांत थांबायचा आवाज, आता होटगी रोडवरून सात रस्त्यापर्यंत आलो तरी बारीक टकटक राहतेच. ऑइलची लाईट लागत नाही.

आधीचा मालक २०डब्ल्यू-५० ऑइल घालायचा, 'सोलापूरचं ऊन हाय, जाडच पायजे' म्हणून. मी ५डब्ल्यू-४० वर आणली, फिल्टर बदलला. फरक थोडासाच.

फिटर म्हणतो टॅपेट गेले, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मधले दट्टे. आयएनए कंपनीचे हायड्रॉलिक वीसच्या वीस घेऊ, की खराब तेवढेच? पुण्याचा एक ट्यूनर सॉलिड टाका म्हणतोय, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) वाढवता येतं म्हणे. पुढंमागं रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करायचंय, म्हणून मन तिकडं ओढतंय. भंगारातल्या इंजिनचे जुनेही मिळतायत, पण ते काही पटत नाही.

प्रतिसाद
दादा, सॉलिडचा नाद सोडा. हायड्रॉलिक ऑइलच्या दाबावर आपला गॅप आपणच भरून काढतो, सॉलिडला शिम (पातळ चकत्या) लावून मोजत बसावं लागतं. मोठा कॅम, कडक स्प्रिंग टाकून साडेसात हजारांवर पळवणार असाल तर गोष्ट वेगळी. नुसत्या रीमॅपला तुमचा छोटा टर्बो त्याच्या आधीच दमतो.

पण टॅपेटच गेले हे ठरवलं कशावरून, कान लावून? फॅन लागेपर्यंत गरम करा, २५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरा. तरी आवाज असला तर कव्हर काढा, ज्या कॅमचं नाक वर आहे त्याखालचा टॅपेट लाकडी पट्टीनं दाबा. ०.२ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पत्ती) कॅम आणि टॅपेटच्या मधे गेला की तो टॅपेट बाद. चेनही बघा. या इंजिनात बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅम फिरवतो, इनटेक कॅम दुसऱ्या टोकाच्या चेनवर असतो. तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे पॅड झिजले तरी असाच आवाज येतो.

कॅम काढावेच लागले तर वीसही नवे टाका, मजुरी तेवढीच. बसवल्यावर अर्धा तास सेल्फ मारू नका, टॅपेट खाली बसले नाहीत तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतील.

धागाकर्ता
रविवारी उघडलं. एक्झॉस्टचे दोन मऊ निघाले, गेज सरळ आत. टेन्शनरचा पॅडही तुटलाय, तुकडा संपमधल्या (इंजिनच्या तळच्या ऑइलच्या भांड्यातल्या) जाळीत सापडला, वर बोटभर काळा गाळ. वीस आयएनए सांगितलेत. टेन्शनर ओरिजिनलच घ्यावा लागेल की बाहेरचा टिकतो? कुणी वापरलाय?