कुंपणाबाहेरच्या पट्ट्याचं काय?

'कचऱ्याचं डंपिंग बंद केलं, वर माती टाकली, मग पालिकेने शेजारची जमीन कशाला घ्यायची?' असं एकाने विचारलंय. अहो, माती टाकली म्हणूनच! कचरा आत वर्षानुवर्षं कुजत असतो. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन, म्हणजे पेट घेणारा वायू. वरची वाट बंद झाली की तो आडवा सरकतो: भरावातून, केबलच्या पाइपातून, जुन्या गटाराच्या कडेने. आपल्याकडे पावसाळ्यात माती भिजून गच्च झाली की जास्तच. बंद खोलीच्या हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झालं की स्फोटाला एक ठिणगी पुरे. आणि त्याला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे 'आमच्याकडे काही वास येत नाही' याला अर्थ नाही.

१९८६ मध्ये इंग्लंडात लॉस्को गावी हेच झालं. हवेचा दाब झपकन उतरला, जवळच्या जुन्या कचराभूमीतला वायू जमिनीखालून एका बंगल्यात शिरला आणि बंगला उडाला. तिघे जखमी.

वायू अडवायचा तर कचऱ्याच्या कडेबाहेर चर खणून खडी भरायची, भोकं पाडलेले पाइप टाकायचे, गरज पडली तर ब्लोअरने ओढायचा. तपासणीच्या बोअरही तिथेच. याला जागा नको? नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या बंद डंपिंगवर निसर्ग उद्यान झालं, छानच. पण ठाण्याजवळच्या दिवा गावात वस्ती डंपिंगला पार खेटून आहे. तिथे असा पट्टा घ्यायची वेळ आली तर कुणाचं तरी घर जाणार, आणि पुनर्वसन आधी कागदावर आल्याशिवाय मी तरी हो म्हणणार नाही.