साखर, इथेनॉल, वीज एकत्र: बचत मोजायची कशी?

कृष्णाकाठ, वाळवा
आपल्या सांगली जिल्ह्यात डिस्टिलरी (इथेनॉल बनवणारा विभाग) आणि कोजन (उसाचं चिपाड जाळून वीज) असलेला साखर कारखाना म्हणजे सक्षम कारखाना, असं धरूनच सगळे चालतात. सभेत कुणी विचारलं, एकत्र उत्पादनाने वाचलं किती, तर इथेनॉलच्या विक्रीचा आकडा सांगतात. विक्री म्हणजे बचत नव्हे. पॅन्झर आणि विलिग या अर्थशास्त्रज्ञांची रीत सोपी आहे. दोन्ही माल वेगवेगळे काढण्याचा खर्च जोडायचा, एकत्र काढण्याचा खर्च वजा करायचा, उरलेल्याला एकत्र खर्चाने भागायचं. समजा, साखर एकटी 100 कोटी, इथेनॉल एकटं 40 आणि दोन्ही मिळून 120. बचत 20 कोटी, म्हणजे सुमारे 17 टक्के. उत्तर उणे आलं तर एकत्र करणंच महाग. हा आकडा वार्षिक अहवालात छापलाच पाहिजे.

कॉस्टिंगवाला, मिरज
विरोध. ऊस गाळला की मळी (साखर काढून उरलेला दाट द्रव, याचंच इथेनॉल होतं) निघतेच, टनाला साधारण 40-45 किलो. बगॅस, म्हणजे चिपाड, 28-30 टक्के. "फक्त मळी" काढायचा खर्च म्हणजे अख्ख्या गाळपाचा खर्च! सूत्रात घाला, बचत 100 टक्क्यांच्या आसपास दिसेल, आणि चेअरमन तेच छापतील.

कृष्णाकाठ, वाळवा
सर, मळीला ते सूत्र लावायचंच नाही. निवड जिथे आहे, म्हणजे मळीचं इथेनॉल स्वतः करायचं की नाही, तिथे लावायचं. बाहेरून मळी घेणाऱ्या डिस्टिलऱ्यांचा खर्च दिसतो. त्यांना वाफेसाठी इंधन विकत घ्यावं लागतं, मळीचं टँकरभाडं वेगळं. कारखान्याच्या आवारातली डिस्टिलरी बगॅसच्या बॉयलरवर चालते. बचत असेल तर ती इथेच.

कॉस्टिंगवाला, मिरज
आणि स्पेंटवॉशची (डिस्टिलरीच्या सांडपाण्याची) विल्हेवाट, कर्जाचं व्याज? 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, आठवड्यात थोडी ढील दिली. एका हंगामाच्या आकड्यावर काय ठरवणार?

उसाचा मालक, कराड
दोघांच्याही हिशेबात आम्ही नाही. साखर उद्योगासाठी केंद्राने नेमलेल्या 2012 च्या रंगराजन समितीने साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसाला सांगितला. इथेनॉल त्यात नाही. मळी डिस्टिलरीला स्वस्तात दिली की एकूण खर्च तेवढाच राहतो, तुमचा टक्काही हलत नाही. पण नफा डिस्टिलरीत जातो आणि आमचा दर पडतो. बी-हेवी मळी (जास्त साखर राखलेली मळी) काढली की साखरेचा उतारा उतरतो, आणि दर ठरवताना ती घट भरून धरली नाही तर चटकाही आम्हालाच.

कृष्णाकाठ, वाळवा
दादा, हे मान्य. बचत किती आणि ती कुणाच्या पदरात, हे वेगळे प्रश्न आहेत. म्हणून टक्क्याशेजारी मळीचा अंतर्गत दर आणि बाजारदर दोन्ही छापा, आणि आकडे निदान पाच हंगामांचे द्या. मनाईचं म्हणाल सर, तर त्या वर्षी रसावरची एकटी डिस्टिलरीही बरीचशी बंदच राहिली असती. तोही खर्च वेगळ्याच्या बाजूला धरावा लागेल.

कॉस्टिंगवाला, मिरज
पाच हंगाम आणि दोन्ही दर असतील तर वाचेन. तरी एकट्या टक्क्यावर नवी डिस्टिलरी मंजूर करायला माझा विरोधच राहील.