एन्झाइमच्या गोळ्या चालू आहेत, तरी शौचाला तेलकट होतंय – मदत हवी आहे

निशिगंध: बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, केमो चालू. एन्झाइमच्या कॅप्सूल नेमाने घेतात, तरी शौचाला फिकट, तेलकट होतं, पाणी ओतलं तरी तरंगत राहतं. वजन उतरतंच आहे. कंपनी बदलायची का? लवकर सांगा.

गवतीचहा: कितीची कॅप्सूल? कधी घेतात? ऑपरेशन झालंय का?

मधलीसुट्टी: तूप-तेल आणि साखर पूर्ण तोडा. साखरेवरच कॅन्सर पोसतो.

गवतीचहा: कृपा करून असलं काही करू नका. वजन उतरत असताना फॅट तोडलं की उरलेल्या कॅलरीही गेल्या. फॅट पचवायला एन्झाइम वाढवायचे असतात, ताट कमी करायचं नसतं.

निशिगंध: १०,०००ची एक, जेवण झाल्यावर. मधे दूध घेतात तेव्हा नाही, ते काय जेवण नव्हे. ऑपरेशन नाही, पित्तनळीत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) आहे.

गवतीचहा: मग कंपनीचा काय दोष! मोठ्यांना मुख्य जेवणाला साधारण ५०,००० ते ७५,००० युनिट लायपेज (फॅट पचवणारं एन्झाइम) लागतं, मधल्या खाण्याला २५,००० ते ५०,०००. पहिल्या घासाबरोबर निम्म्या, उरलेल्या जेवता जेवता. शेवटी घेतल्या तर अन्न पुढे निघून जातं, कॅप्सूल मागे राहते. पेलाभर दुधालाही लागतात. गिळता येत नसतील तर उघडून दाणे आंबटसर फळाच्या गरात घालून न चावता गिळायचे, वर पाणी; हिरड्यांत दाणे राहिले तर तोंड सोलतं. गरम पदार्थात घालू नका, एन्झाइम मरतात. डोस डॉक्टरांकडून वाढवून घ्या.

टाचणी: एका वेळी पाच-सात कॅप्सूल? मर्यादा असते हो.

गवतीचहा: असते. एका जेवणाला किलोमागे २,५०० युनिट. ५० किलोच्या माणसाला १,२५,००० झाले. कुठे ओलांडली?

टाचणी: बरं. पण डोस वाढवूनही फरक पडला नाही तर ॲसिडिटीची गोळी विचारा. स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस आला नाही की आतडं आंबट राहतं, लायपेज निकामी होतं. आणि पचन सुधारलं की साखर वाढू शकते, इन्सुलिन असेल तर तपासत राहा.

निशिगंध: धन्यवाद. काल रात्रीपासून हुडहुडी भरतेय, लघवी गडद आहे. केमोमुळेच ना?

गवतीचहा: हे आधी सांगायचं! ताप किती?

निशिगंध: ३८.६ सेल्सियस. पॅरासिटामॉल देऊ?

टाचणी: गोळी देऊन वाट बघू नका. स्टेंट तुंबून पित्तनळीत जंतुसंसर्ग झाला असेल, त्यात केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असू शकतात. आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत न्या. शेवटचा केमो कधी झाला, स्टेंट कधी घातला, प्लास्टिकचा की धातूचा, हे दारातच सांगा.

मधलीसुट्टी: धातूचा असेल तर एमआरआय चालतो का?

टाचणी: त्याचा वेगळा धागा काढा.

निशिगंध: प्लास्टिकचा आहे. निघालो.