शब्दचर्चा : खेळ, डाव आणि कच्चा लिंबू

प्रश्न :
व्हिडिओ गेमवरून काढलेल्या सिनेमाला मराठीत सुटसुटीत शब्द कोणता? 'गेमपट' सुचला होता, पण त्यानं सारीपाटच डोळ्यांपुढे येतो. 'विज्ञानपट' खटकत नाही, मग हाच का खटकतो?

उत्तर :
गेमपट खुशाल म्हणा, रुळेल. मला त्याहून 'खेळ' आणि 'डाव' या जोडीबद्दल बोलायचंय. हे सिनेमे का फसतात ते या दोन शब्दांत सापडतं.

नागपुरात जुनी मंडळी सिनेमाच्या शोला अजून खेळच म्हणतात. 'सहाच्या खेळाला जाऊन आलो.' खेळ लागतो, सुटतो, हाउसफुल्ल जातो. तिकीट काढलं की आपलं काम संपलं. डाव मात्र मांडावा लागतो. तो रंगतो, अंगाशी येतो, कोणी चिडलं तर उधळतो.

नागपूरच्या बर्डीवर गेम पार्लरं होती तेव्हाचं सांगतो. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आत एक घरघरता कूलर आणि पडद्यावर 'कॉन्ट्रा'. खुर्चीवर एक जण, मागे पाच-सहा पोरं उभी. 'तिकडं काहून जाऊन राहिला बे? वरून गोळी येते ना!' मागची पोरंही नुसती पाहतच होती, तरी कंटाळत नव्हती. खुर्चीतला मेला की पुढचा डाव त्यांचा होता. थेटरात हा पुढचा डाव येतच नाही. तिथे आपण कच्चा लिंबू. खेळात घेतलंय, पण बाद झालो काय, न झालो काय, कोणी मोजत नाही.

बहुतेक दिग्दर्शक गेममधली पात्रं, कपडे, बंदुका उचलतात आणि डाव तिथंच सोडून येतात. १९९३ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. नावं तीच, टोप्या त्याच, आणि उडी मारण्यातली मजा गायब. २००५ च्या 'डूम'मध्ये काही मिनिटं कॅमेरा नायकाच्या डोळ्यांतून फिरतो, समोर फक्त बंदुकीची नळी. लोक त्या तुकड्याचं कौतुक करतात. मला तोच सगळ्यात निर्जीव वाटतो. दुसऱ्याच्या हातात रिमोट आणि आपला नंबर कधीच लागायचा नाही! शिवाय गेममध्ये मंगळावर नरकाचं दार उघडतं, तर सिनेमावाल्यांनी नरक काढून गुणसूत्रांचा प्रयोग घातला. राक्षस गेले, गुणसूत्रं आली, भीती काही आली नाही.

उलट २०१४ चा 'एज ऑफ टुमारो' बघा. तो गेमवरचा नाहीच, जपानी कादंबरीवरचा आहे. पण नायक मरतो, पुन्हा आदल्याच दिवशी जागा होतो, मागच्या वेळी कुठं मेलो ते ध्यानात ठेवून दोन पावलं पुढं सरकतो. याला म्हणतात डाव. विज्ञान मालिकांना तर हे त्याच्या कितीतरी आधी जमलं होतं. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चा १९९२ मधला 'कॉज अँड इफेक्ट' हा भाग नामावळीच्या आधीच आख्खं यान फोडून टाकतो. मग पुन्हा तेच सगळं : तेच टेबल, तोच पत्त्यांचा डाव. दोन-तीन फेऱ्यांनंतर खेळणाऱ्यांना पुढचं पान कोणतं येणार ते आधीच कळायला लागतं. पानं वाटणारा थबकतो, बाकीचे एकेक पान आधीच बोलून दाखवतात. पोटात गोळा येतो बघताना. एकही गोळी न झाडता.

दुसरं उत्तर :
आमच्या घरात डाव म्हणजे वरण वाढायचा. गावाकडे मात्र 'एक डाव माफ करा' म्हणतात, म्हणजे एकदा, एक वेळ. हा अर्थ तुमच्या मुद्द्याला नीट बसतो. आणि चीट कोडला, म्हणजे गेममधल्या चोरवाटेला, 'रडीचा डाव' आहेच की! कॉन्ट्रात वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं अशी बटणं दाबून ३० जीव घेणाऱ्याला आम्ही रड्या म्हणायचो आणि आपली पाळी आली की तेच करायचो.
ता. क. कच्चा लिंबूला आमच्याकडे दूधभात.

तिसरं उत्तर :
डाव डाव काय लावलंय? गेमवरून काढलेल्या २०२३ च्या 'द लास्ट ऑफ अस' मालिकेत कुठला डाव आहे? गेममध्ये फ्रँक भेटतो तोच मेलेला, जोडीदार बिलवर चिडून लिहिलेली चिठ्ठी मागे ठेवून. मालिकेच्या तिसऱ्या भागात त्या दोघांचा आख्खा संसार दाखवलाय. खेळताना आपण कपाटं धुंडाळण्यात गुंग असतो, एवढं निवांत कोण बघतो? कच्चा लिंबू झालो म्हणूनच बघायला मिळालं. आणि २०२३ च्या मारिओच्या ॲनिमेशनपटानं १ अब्ज डॉलरच्या वर गल्ला जमवला, त्याचं काय?

पहिलं उत्तर देणारा :
गल्ला जमला म्हणजे खेळ चालला. डाव रंगला का, ते वेगळं. बिल-फ्रँकचं मात्र मान्य, तो पॉइंट तुमचा. तिथं त्यांनी गेममधली दोन माणसं घेऊन स्वतःचं काही मांडलं. २०२४ ची 'फॉलआउट' मालिकाही जग गेमचं घेतं आणि मुख्य माणसं नवी आणतं. त्या माणसांच्या जागी आपण कधी बसलेलोच नसतो, त्यामुळे खुर्ची हिसकावल्यासारखं वाटत नाही. २०२२ च्या 'हेलो' मालिकेत नेमकं उलटं झालं. गेममध्ये नायक मास्टर चीफचा चेहरा आपल्याला दाखवत नाहीत, कारण हेल्मेटच्या आत आपण असतो. मालिकेनं पहिल्याच भागात हेल्मेट काढलं आणि आत निघाला भलताच माणूस. भिडू भडकले ते काही उगाच नाही.

दुसरं उत्तर देणारा :
पण प्रेक्षक दर वेळी दूधभात नसतो हां. २०१९ मध्ये सॉनिक या गेमच्या नायकावरच्या सिनेमाचा ट्रेलर आला, त्यात त्या निळ्या साळिंदराला माणसासारखे दात होते. लोकांनी एवढी बोंब ठोकली की पात्र नव्यानं रंगवलं आणि सिनेमा नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर ढकलला. तिकीटही न काढता लोकांनी डाव मारला.

प्रश्न विचारणारा :
ठीक, 'गेमपट'च लिहितो. साळिंदराचं मात्र तपासा, सॉनिक जाहक (हेजहॉग) आहे.