मदत हवी आहे: अटल लॅबचा दुसरा हप्ता अडकलाय, यूसीचा घोळ कसा निस्तरायचा?

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. जूनपासून अटल टिंकरिंग लॅबचा चार्ज माझ्याकडे आलाय. चार्ज म्हणजे एक किल्ली, एक पत्र्याचं कपाट आणि कागदांनी फुगलेली एक फाईल. आधीचे सर निवृत्त झाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनकडून सहावी ते बारावीच्या मुलांच्या लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षं लॅब चालवायला. आम्हाला पहिल्या खेपेला १२ लाख आले, उभारणीचे १० आणि चालवण्याचे २. त्यानंतर छदाम नाही, कारण यूसी, म्हणजे अनुदान कुठे खर्च झालं त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, कधी अपलोडच झालेली नाही.

आता फाईल उघडली तर फिलामेंट (थ्रीडी प्रिंटरला लागणारी प्लॅस्टिकची तार), सोल्डरची तार, बॅटऱ्या असलं किरकोळ सामान गावातल्या दुकानातून साध्या चिठ्ठीवर घेतलंय. अशा पाच चिठ्ठ्या, मिळून ७,३४० रुपये. खात्यात व्याज साचलंय, त्याची कीर्दीत नोंद नाही. डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, सहा मल्टीमीटर, कपाटात चार. थ्रीडी प्रिंटरच्या नोझलमध्ये प्लॅस्टिक थिजून बसलंय. आठवीतल्या एका मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, हे बघायचंय का वापरायचंय?"

तरी मुलं थांबत नाहीत. नववीच्या दोघांनी पोळीच्या डब्यात शेतातली माती भरून तिच्यात ओलाव्याचा सेन्सर खुपसला. माती सुकली की लाल दिवा लागतो. सगळ्या वर्गाने आळीपाळीने डब्यात पाणी ओतून दिवा विझवून पाहिला. पण ब्रेडबोर्डच्या (सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीच्या) जोडतारा संपल्यात, आणि तेवढ्यासाठी संस्थेपुढे हात पसरायचा कंटाळा आलाय.

तर विचारायचं ते असं. चिठ्ठ्यांचं काय करू? व्याज आम्ही लॅबला वापरू शकतो का? आणि हप्ता सुटेपर्यंत वरखर्चाला पैसे कुठून आणू? समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान सरकारी शाळांना, ते आम्हाला नाही. इन्स्पायर मानक या केंद्राच्या योजनेचे दहा हजार थेट मुलाच्या खात्यात, त्याच्या मॉडेलसाठी येतात, त्यांना हात लावायचा नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत ५० हजार नव्या लॅब जाहीर झाल्या, त्याही सरकारी शाळांत. चांगलंच आहे. पण आहे त्या लॅबच्या किल्लीला गंज चढतोय त्याचं काय?

जमाखर्च:
बाई, शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. यूसी जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात, प्रत्येक आर्थिक वर्षाची वेगळी करा. एका वर्षाची अखेरची शिल्लक तीच पुढच्या वर्षाची आरंभीची; इथे एक रुपया चुकला तरी कागद परत येतो. उभारणीचा पैसा आणि चालवण्याचा पैसा एकत्र कालवू नका. व्याज आपलं नाही. जीएफआर २०१७ चा नियम २३०(८) बघा, ते केंद्राच्या संचित निधीत भरायचं असतं. भारतकोश या सरकारी पोर्टलवर भरा, चलन यूसीला जोडा.
चिठ्ठ्यांसाठी दुकानदाराकडे त्या तारखेच्या बिलाची दुसरी प्रत मागा. नसेल तर आजच्या तारखेचं बिल जुनं करून घेऊ नका, कोणी कितीही सुचवलं तरी. तेवढी रक्कम संस्थेनं लॅबच्या खात्यात भरावी. सात हजारांपायी लाखो अडकलेत हे अध्यक्षांना एका कागदावर मांडून दाखवा. मल्टीमीटरचं मुख्याध्यापकांना आजच लेखी द्या, नाहीतर ते तुमच्या नावावर चढतील.

तारेवरची_कसरत:
नोझल फेकू नका. फिलामेंट पीएलए जातीच्या प्लॅस्टिकचं असेल तर २०० अंशांपर्यंत तापवा, थोडं फिलामेंट आत ढकला, मग ९० च्या आसपास उतरू द्या आणि एका झटक्यात ओढा. कचरा सोबत येतो. दोन-तीनदा करावं लागेल. नाहीच निघालं तर पितळी नोझल स्वस्तात मिळतं.
पैशांसाठी जवळच्या एमआयडीसीतल्या कंपनीकडे सीएसआरचं (सामाजिक कामासाठीच्या निधीचं) विचारा, पण वस्तू मागू नका, वर्षाचा वरखर्च मागा. अवघड आहे, कारण कंपन्यांना फीत कापायला काहीतरी लागतं आणि जोडतारांची फीत कापता येत नाही. त्यापेक्षा माजी विद्यार्थी लवकर पावतात, फक्त पावती संस्थेची द्या.

धागाकर्ती:
जमाखर्च काका, खूप आभार. दुकानदाराकडे जुनी बिलबुकं निघाली, पाचपैकी तीन प्रती मिळाल्या. उरलेले १,९२० संस्था भरतेय. सीएंकडे शनिवारी जातेय. मल्टीमीटरपैकी एक शिपाईमामांच्या टेबलाच्या खणात सापडला, दुसऱ्याचं पत्र दिलंय.
प्रिंटर दुसऱ्या ओढीत सुटला. आतून काळं-निळं गाठोडं निघालं, ते त्या आठवीतल्या मुलीनं कंपासपेटीत ठेवलंय.