शॉकअप घरी बदलावेत का? मागचे जरूर, पुढच्या स्प्रिंगला मात्र हात लावू नये

वळणवाट (धागाकर्ता)
शॉकअप, म्हणजे खड्ड्यानंतर गाडीचं डुलणं थांबवणारी नळकांडी, बदलणं हे गॅरेजचंच काम, हे मला पटत नाही. व्हिडिओ बघून चारही कोपरे घरी उरकता येतात, हेही पटत नाही. या दोन्हींच्या मध्ये रेषा कुठे ओढायची, ते मांडतो. विरोधी मतं यावीत म्हणूनच धागा काढलाय.

वाकून मागच्या चाकाच्या आत बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे स्प्रिंग एका जागी असते आणि शॉकअप तिच्यापासून वेगळा उभा असतो. वर एक नट, खाली एक बोल्ट. स्प्रिंगला न छेडता जुना निघतो, नवा बसतो. पान्यांची सवय असलेल्या कुणालाही हे जमावं.

पुढे बहुतेक गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली. १९४०च्या दशकात अर्ल मॅकफर्सन यांनी जागा आणि सुटे भाग वाचवणारी ही मांडणी केली. गाडी बनवताना झालेला तो फायदा दुरुस्तीत आड येतो. चाक हवेत लटकलं तरी ती स्प्रिंग दाबलेलीच असते. तिला धरून ठेवते वरची ताटली आणि मधल्या दांड्यावरचा एकच नट. स्प्रिंग आधी आवळून न घेता तो नट सोडला, तर सगळा जोर एका क्षणात वर उसळतो. माणूस त्या वेळी नेमका त्यावर वाकलेला असतो. म्हणून माझी रेषा स्प्रिंगपाशी आहे.

नटबोल्ट
असहमत. मागचंही सोपं नाही. खालचा बोल्ट वर्षानुवर्षं पाणी-चिखल खातो आणि शॉकअपच्या टोकाशी असलेल्या रबरी बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटतो. तो सुटावा म्हणून माणूस लांब दांडा लावून अंगाचा भार टाकतो, आणि गाडी कशावर उभी असते? गाडीबरोबर आलेल्या जॅकवर! तो जॅक स्टेपनी लावण्यापुरता आहे, गाडीखाली शिरण्यासाठी नाही. घरी काम करणाऱ्या किती जणांकडे गाडीचा भार पेलून धरणारे स्टँड असतात? नसतील तर हा सल्ला देऊच नये.

वळणवाट
जॅकबद्दल शब्दन् शब्द मान्य. स्टँड नसतील तर कामाला हात घालू नये, यावर माझी तडजोड नाही. सपाट, कडक जमीन, दुसऱ्या टोकाच्या चाकांना पुढून-मागून अडण, आणि भार स्टँडवर. शिवाय शॉकअप सोडण्याआधी मागच्या ॲक्सलखाली (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या भागाखाली) दुसरा जॅक टेकवून ठेवावा. काही गाड्यांत चाक किती खाली जाईल ते शॉकअपच ठरवतो. तो निघाला की ॲक्सल खाली घसरतो, ब्रेकचा होस ताणला जातो, कधी स्प्रिंगही जागेवरून निसटते.

गंजलेल्या बोल्टावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारावं, सकाळी परत मारावं. तरीही हलला नाही तर थांबावं. तिथे गॅरेज गाठण्यात कमीपणा नाही.

चौथा गियर
मला धागाकर्त्यांची रेषाच चुकीची वाटते. स्ट्रटही घरी होतात. स्प्रिंग दाबून धरायचे आकडे (स्प्रिंग कॉम्प्रेसर) मिळतात. स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना लावायचे, एकदा इकडे आणि एकदा तिकडे, थोडं थोडं आवळत जायचं. स्प्रिंग ताटलीवरून सैल झाली, हाताने फिरू लागली, की मगच मधला नट. एवढंही नको असेल तर स्प्रिंग, माउंट, बेअरिंगसह जोडूनच आलेला अख्खा स्ट्रट घ्या. मग स्प्रिंगचा प्रश्नच उरत नाही. "पुढे हात लावूच नका" म्हणणं म्हणजे लोकांना नाहक घाबरवणं.

तेलकट हात
मी वर्कशॉपमध्ये काम करतो, म्हणून लिहितो. जोडून आलेल्या अख्ख्या स्ट्रटला माझा विरोध नाही. सुट्या आकड्यांना आहे. त्यांचे आटे झिजलेले असतात, कोरडे असतात. तिरप्या लागलेल्या स्प्रिंगवर आकडा सरकतो. त्यावर काही जण इम्पॅक्ट गन चालवतात, म्हणजे आटे अजूनच खराब. आमच्याकडे भिंतीला पक्का केलेला प्रेस आहे, तरीही स्प्रिंगच्या तोंडासमोर कुणी उभं राहत नाही.

ज्यांना श्रम स्वतः करायचे आहेत त्यांनी अख्खा स्ट्रट घरी उतरवावा आणि फक्त स्प्रिंग बदलून घ्यायला वर्कशॉपमध्ये आणावा. उतरवताना वरचे बाहेरचे नट सोडायचे, मधला अजिबात नाही. ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर आधी मोकळी करायची, हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, भार त्यांच्यावर पडू द्यायचा नाही. हब तारेने वर बांधून ठेवा.

आणि एक, जे घरी हमखास राहतं: स्ट्रट ज्या दोन बोल्टांनी हबला जोडलेला असतो, तिथल्या थोड्याशा फरकानेही चाकाचा कल बदलतो. काढण्याआधी खूण करावी, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावीच. नाहीतर नव्या शॉकअपवर टायर एका कडेने खाल्ले जातात.

सावकाश
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये: शॉकअप खरंच गेलेत का? अंगावर तेलाचा पुसटसा ओलावा म्हणजे बिघाड नव्हे. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल, तर गेला. बॉनेट दाबून गाडी किती डुलते ते बघायची रीत सर्वांना ठाऊक आहे, पण ती फक्त पार निकामी झालेला शॉकअप दाखवते. टायरवरून हात फिरवा. ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागले तर चाक रस्त्यावर नाचतंय, आणि तसं चाक ब्रेक दाबल्यावरही नीट टेकत नाही. खडखड मात्र अनेकदा लिंक रॉडची (सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांड्याची) किंवा वरच्या माउंटची असते, आणि लोक शॉकअप बदलून बसतात.

पावसाळी
माझ्या गाडीचा मागचा एकच गळतोय. एकच बदलला तर चालेल ना?

नटबोल्ट
नाही. एका ॲक्सलवरचे दोन्ही. एक कडक आणि एक ढिला असेल तर खड्ड्यात आणि वळणावर गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते. निदान यावर तरी या धाग्यात एकमत व्हावं.

वळणवाट
यावर आहेच. पण घरी करण्याच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा अजून आलाच नाही. खालच्या बोल्टाभोवती रबरी बुश असतो. चाक लटकत असताना तो बोल्ट पूर्ण आवळला की बुश त्या स्थितीत जखडतो. गाडी खाली आल्यावर रबर कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून आधी नुसता बसवायचा, ॲक्सल जॅकने उचलून गाडी रस्त्यावर असते त्या उंचीला आणायचा, मग गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराइतकाच टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळायचा. घाईच्या दिवशी गॅरेजमध्ये हे टळलेलं मी पाहिलंय. स्वतःच्या गाडीवर तेवढा वेळ आपण देतो.

तेलकट हात
बुशचा मुद्दा बरोबर, आणि आमच्या व्यवसायाला लागू पडतो हेही खरं. त्यात एक भर घालतो. वरचा नट फिरवताना दांडा सोबत फिरतो. तेव्हा चकचकीत दांडा पकडीत धरू नका. त्यावर ओरखडा आला की तो सील कापतो आणि नवा शॉकअप गळू लागतो. दांड्याच्या टोकाला चावीची जागा असते, तिथे धरा. नट नवे वापरा, आणि झिजलेला रबरी बंपस्टॉप, फाटलेलं धुळीचं कव्हर जुनंच परत चढवू नका.

चौथा गियर
हे सगळं जो पाळतो तो आकडेही नीट लावेल, म्हणून स्प्रिंगबद्दलचं माझं मत कायम आहे. झिजलेले आटे दिसतात, ते वापरू नयेत, एवढंच.

तेलकट हात
आटे दिसतात. आकड्याच्या पोलादातली चीर दिसत नाही. मी माझ्या भावालाही सुटे आकडे देणार नाही.

पावसाळी
दोन्ही मागचे बदलायचं ठरलं. जुन्यांचं काय करू? कापून तेल काढावं म्हणतो.

नटबोल्ट
कापू नका, तापवू नका, जाळात टाकू नका. बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. भंगारवाल्याला देतानाही तसं सांगून द्या.