घसरगुंडी वेगळी, ओंजळ वेगळी

‘जुन्या चर्चमध्ये आधुनिक कला म्हणजे गर्दी खेचायचे उद्योग’ असं एक मत आहे; ते सरसकट पटत नाही. इंग्लंडमधल्या नॉरिच कॅथीड्रलपुरतं, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चपुरतं, पटतं. २०१९ मध्ये तिथे आत चक्क जत्रेतली उंच घसरगुंडी उभारली होती. छतावरची मध्ययुगीन कोरीव शिल्पं जवळून दिसावीत, हा हेतू. पण वर चढलेलं पोर शिल्पं न्याहाळणार की घसरणार?

उलट इंग्लंडमधल्याच विंचेस्टर कॅथीड्रलचं तळघर बघा. तिथे शिल्पकार अँटनी गॉर्मलीचा ‘साउंड टू’ हा १९८६ मधला शिशाचा पुतळा आहे, कलावंताच्या स्वतःच्या अंगाच्या साच्यावरून केलेला. मान खाली, नजर हातातल्या ओंजळीकडे. पावसाळी महिन्यांत तळघरात भूजल चढतं आणि हा गडी पाण्यात उभा असतो. पाणी हेच या इमारतीचं जुनं दुखणं. १९०६ पासून पाचेक वर्षं विल्यम वॉकर या पाणबुड्याने गढूळ पाण्यात, अंधारात चाचपडत सिमेंटच्या गोण्या रचल्या, म्हणून खचणारा पाया सावरला. हा पुतळा उचलून एखाद्या गॅलरीत ठेवला तर अर्धा अर्थ तिथेच संपेल. माझी कसोटी एवढीच.

बाकी ‘पावित्र्य’ वगैरे म्हणाल तर जर्मनीतल्या कोलोन कॅथीड्रलचं उदाहरण आहेच. चित्रकार गेरहार्ड रिश्टरची ७२ रंगांच्या काचचौकोनांची खिडकी २००७ मध्ये बसली, तेव्हा तिथल्या कार्डिनलांना (वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरूंना) ती मशिदीत जास्त शोभेल असं वाटलं होतं. मूळ काचचित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालेलं. त्याची हुबेहूब नक्कल बसवली असती तर पावित्र्य वाढलं असतं का?